उजेडाला पीळ, उसाला भाव

पुण्याहून सातारा, कऱ्हाड करत सांगलीकडे निघालात की गळीत हंगामात हायवेवर कोण भेटतं? उसाच्या ट्रॉल्या! ओव्हरटेक करताना वैताग येतो, मान्य. पण तो ऊस जिथे पोचतो तिथे फिजिक्सचा एक भन्नाट प्रयोग रोज चालतो, आणि वाळव्याच्या माझ्या मामाचा वर्षाचा हिशेब त्याच्याशी बांधलेला आहे.

शेंद्र्याचा अजिंक्यतारा घ्या, रेठऱ्याचा कृष्णा घ्या, नाहीतर साखराळ्याचा राजारामबापू. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये पोलॅरिमीटर असतोच. साधा उजेड सगळ्या दिशांनी थरथरतो. खास फिल्टरमधून नेला की एकाच रेषेत थरथरतो. हा ध्रुवीकृत प्रकाश. तो साखरेच्या पाण्यातून गेला की ती रेषा उजवीकडे वळते. 100 मिलीलिटर द्रावणात 26 ग्रॅम शुद्ध साखर आणि नळी 20 सेंटिमीटरची असेल, तर वळण सुमारे 34.6 अंश. कारखान्याच्या भाषेत 100 पोल!

रस, बगॅस, मोलॅसिस, सगळ्यांचा पोल काढून केमिस्ट साखर कुठे वाया जातेय ते पकडतो. कारण प्रश्न उताऱ्याचा. 2025-26 च्या हंगामासाठी एफआरपी ठरली टनाला 3,550 रुपये, 10.25 टक्के उताऱ्याला. वर प्रत्येक 0.1 टक्क्याला टनामागे 34 रुपये 60 पैसे जादा. म्हणजे 100 टन ऊस घालणाऱ्याला 3,460 रुपये. मामा चहा पिताना क्रिकेटचा नाही, उताऱ्याचा स्कोअर विचारतो, तो उगाच नाही.

इथे पदार्थ उजेडाला वळवतो. आता उलटं बघा: उजेड विजेला वळवतो!

गॅरेजवाल्याकडचं काळं 'मोली' ग्रीस आठवतं? त्यातल्या मोलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच थर सोलून काढला, तर जाडी 0.65 नॅनोमीटर, केसाच्या सुमारे एक लाखावा भाग. हा सेमीकंडक्टर आहे. त्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या आलेखात दोन प्रकारच्या दऱ्या असतात. स्क्रूच्या आट्यांसारखा पीळ असलेला प्रकाश टाकला की उजव्या पिळाने एका प्रकारच्या दरीतले इलेक्ट्रॉन जागे होतात, डाव्या पिळाने दुसऱ्या. पट्टीतून करंट सोडला की एका दरीतले एका कडेला सरकतात, दुसरीतले विरुद्ध कडेला. साध्या उजेडात हिशेब शून्य. पिळाच्या उजेडात मात्र एकच पार्टी मैदानात, त्यामुळे दोन कडांमध्ये व्होल्टेज! 2014 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात हे मोजलं गेलं. पीळ उलटा केला, व्होल्टेजही उलटं. त्याच वर्षी टंगस्टन डायसेलेनाइडमध्ये तर पिळानुसार खुद्द करंटचीच दिशा फिरलेली दिसली.

उपयोग काय? उजेडाचा पीळ ओळखणारे चिमुकले सेन्सर, आणि उजवं-डावं म्हणजेच शून्य-एक मानून माहिती हाताळणाऱ्या चिप. अजून सगळं लॅबमध्येच आहे, दुकानात जाऊन विचारू नका. पण पोलॅरिमीटरही आधी लॅबचंच खेळणं होता. 1815 मध्ये फ्रान्सच्या बियोने द्रवांत उजेड वळताना पाहिला, तेव्हा त्यातून उसाचा हिशेब निघेल असं कुणाला वाटलं असेल?

या वीकेंडला एक करा. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनसमोर घट्ट साखरेच्या पाकाचा ग्लास धरा, डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल चढवा आणि मान हळूहळू तिरकी करा. पाकात रंग बदलताना दिसतील. ऑफिसात केलंत तर बॉसला सांगा, उतारा काढतोय!