अंत्यदर्शनाची गर्दी

मे महिन्याच्या सुट्टीत मी न्यूझीलंडला आत्याकडे जाऊन आले. परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, ‘हिमनदीवर पाय ठेवलास का?’ ठेवला. मैत्रिणींना फोटोही दाखवले. पण ‘हो’ म्हणताना दर वेळी जीभ थोडी अडखळते. ती का अडखळते, हे सांगण्यासाठी हा लेख. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा हेतू नाही. ‘पाहणे’ या शब्दाचा जो अर्थ आपल्या सर्वांच्या मनात रुजला आहे, त्याविषयी माझी तक्रार आहे, आणि तीत पहिली आरोपी मीच आहे.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा पश्चिम किनारा आपल्याकडच्या माणसाला अगदीच परका वाटत नाही. समुद्र, मग कोकणपट्टी आणि पाठीशी सह्याद्री, अशी आपली मांडणी. तिथे टास्मन समुद्र, अरुंद किनारपट्टी आणि पाठीशी सदर्न आल्प्सची भिंत. फरक उंचीचा. आपले कळसूबाई १६४६ मीटर, तर तिथला आओराकी ऊर्फ माउंट कुक ३७२४ मीटर. समुद्रावरून येणारे पश्चिमी वारे या भिंतीला अडतात आणि पाऊस कोसळतो. पायथ्याच्या फ्रान्झ जोसेफ गावात तो वर्षाला सुमारे ५ मीटर पडतो. वर शिखरांवर त्याचाच बर्फ होतो, थरावर थर साचतो, दाबाने घट्ट होतो आणि स्वतःच्याच वजनाने दरीत सरकू लागतो. हीच हिमनदी. नेच्यांनी भरलेल्या हिरव्यागार वर्षावनाच्या इतक्या जवळ उतरणारी हिमनदी जगात फार थोड्या ठिकाणी आढळते. म्हणूनच हा प्रदेश १९६० साली राष्ट्रीय उद्यान झाला, आणि १९९० पासून त्याचा समावेश जागतिक वारशात आहे.

१८६५ साली युलियस फॉन हास्ट या भूगर्भशास्त्रज्ञाने हिमनदीला ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे नाव दिले. त्या सम्राटाने ती कधी पाहिली नाही. माओरी लोकांनी दिलेले नाव मात्र तिला शोभणारे आहे. हिने हुकातेरे नावाच्या मुलीला डोंगर चढण्याचे वेड होते. तिच्याबरोबर चढताना तिचा प्रियकर कडेलोट होऊन गेला. तिचे अश्रू गोठले, तीच ही हिमनदी. ‘का रोइमाता ओ हिने हुकातेरे’ म्हणजे हिने हुकातेरेचे अश्रू.

गावात १९३१ साली बांधलेले एक छोटे लाकडी चर्च आहे. त्याच्या वेदीमागे चित्रांची काच नाही, साधी पारदर्शक खिडकी आहे. तिच्यातून हिमनदी दिसे. प्रार्थनेला बसलेल्या माणसाला त्याहून वेगळ्या चित्राची गरज काय? १९४६ साली युद्धसमाप्तीनिमित्त काढलेल्या टपाल तिकिटांपैकी एकावर हीच खिडकी होती. पण १९५४ पर्यंत हिमनदी इतकी मागे हटली की खिडकीतून दिसेनाशी झाली. मी त्या खिडकीपाशी उभी राहिले तेव्हा बाहेर रान होते, डोंगर होता आणि ढग होते.

२०१२ पर्यंत वाटाड्याबरोबर दरीतून चालत जाऊन बर्फावर चढता येत असे. पुढे टोक मागे सरकले, ढासळू लागले, चढण्याची वाट धोक्याची झाली. तेव्हापासून बर्फावर उतरायचे तर हेलिकॉप्टर. काकांनी हौसेने तिकिटे काढून ठेवली होती. मी जरा कां-कू केली, तेव्हा आत्या म्हणाली, “अगं, पुन्हा कधी येशील? आणि आलीस तरी तोवर ती असेल का?”

आत्याचे वाक्य साधे होते, प्रेमाचे होते. पण तिथे आलेल्या बहुतेकांच्या तोंडी तेच होते. ‘संपायच्या आत पाहून घ्या.’ आपल्याकडे थोर माणूस गेला की अंत्यदर्शनाला रांग लागते. ही तशीच रांग, फक्त माणूस अजून जिवंत होता.

मी गेले. काही मिनिटांत वर पोचलो. खाली निळ्या भेगा होत्या, आणि त्या निळाईचे वर्णन करण्याची माझी ताकद नाही. मला अतिशय आनंद झाला, हे खोटे कशाला सांगू? पण बर्फावर मिळालेल्या दहा मिनिटांत आम्ही काय केले? हिमनदीकडे पाठ करून फोटो काढले. मीही काढले. तेवढ्यात पुढचे हेलिकॉप्टर घरघरत आले आणि आमची पाळी संपली.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच दरीतल्या पायवाटेने गेले. ही वाट लांबूनच हिमनदी दाखवते आणि एका ठिकाणी संपते. वाटेत एक तळे आहे. मागे हटताना हिमनदीने सोडून दिलेली बर्फाची प्रचंड ढेप गाळात रुतून राहिली, ती वितळल्यावर उरलेल्या खळग्याचे हे तळे. पुढे उघडेबोडके करडे खडक, त्यांवर बर्फाने ओढलेले ओरखडे. नदीचे पाणीही करडे, कारण त्यात हिमनदीने दळलेले खडकाचे पीठ असते. जिथून बर्फ अलीकडे गेला तिथे खडकावर नुसते शेवाळ, त्याआधी जिथून गेला तिथे झुडपे, आणि फार पूर्वी जिथून गेला तिथे घनदाट रान. हिमनदी कशी वागते, हे मला बर्फावर उभे राहून कळले नव्हते. ते इथे, तिने सोडलेल्या जागेत कळले.

कोणी म्हणेल, हिमनद्या पूर्वीही पुढेमागे होतच होत्या. खरे आहे. हीच हिमनदी १९८३ ते २००८ या काळात सुमारे दीड किलोमीटर पुढे आली होती. वर पडलेल्या बर्फाचा परिणाम तिच्या टोकाशी काही वर्षांतच दिसतो, आणि त्या काळात तिथली हवा काहीशी थंड राहिली होती. परंतु त्यानंतरच्या थोड्याच वर्षांत तिने कमावलेले सारे गमावले. उधारीवर चार दिवस चूल पेटली म्हणून घर सावरले असे होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माणसांनी पाहिलेच नाही तर त्यांना कळकळ कशी वाटणार? शिवाय ते गाव पर्यटकांवरच जगते. मला हेही मान्य आहे. शेजारच्या फॉक्स हिमनदीकडे जाणारा दरीतला रस्ता २०१९ साली दरडीमुळे कायमचा बंद झाला, तेव्हा तिथल्या दुकानदारांना काय वाटले असेल, हे दरडींच्या मुलखात राहणाऱ्यांना सांगायला नको. आणि न जाणारेही निर्दोष नाहीत. जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांची राख समुद्र ओलांडून आली आणि या हिमनद्या तपकिरी झाल्या. काळवंडलेला बर्फ ऊन अधिक शोषतो. ज्यांनी हिमनदीचे नावही ऐकले नसेल, अशांच्या धुराचाही तिच्या वितळण्यात वाटा आहे.

म्हणून ‘जाऊ नका’ असे मी म्हणत नाही. मुंबईपासून तिथवर विमानाने गेलेल्या मुलीला तो अधिकारही नाही. माझे म्हणणे इतकेच की जवळ जाणे म्हणजे पाहणे, ही समजूत आपण सोडली पाहिजे. त्याच किनाऱ्यावर वाइतांगिरोतो नदीकाठी पांढऱ्या बगळ्यांची न्यूझीलंडमधली एकमेव वीण होते. तिथे परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. त्यामुळे कोणाचे प्रेम कमी झालेले नाही, आणि बगळे टिकले आहेत. राष्ट्रीय उद्यान म्हणजे सरकारी बाग नव्हे. काही जागा आपल्या पायांसाठी नाहीत, हे एखाद्या समाजाने स्वतःला बजावणे म्हणजे राष्ट्रीय उद्यान. वाट मागे सरकली तर आपणही मागे सरकावे आणि लांबून पाहावे. वाट संपली म्हणून यंत्राने वर उतरण्याचा हट्ट कशाला? कासच्या पठारावर फोटोसाठी फुलांत लोळणारे आपणच, तेव्हा हा धडा परदेशासाठीच आहे असे नाही.

दर्शन हा आपला शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. पंढरीला गर्दीमुळे आत जाता आले नाही, तर वारकरी कळसाला हात जोडून परततो. त्याची वारी वाया जात नाही. मी मात्र गाभाऱ्यात शिरले आणि पाठ फिरवून फोटो काढून घेतला.

तेव्हा यापुढे कोणी विचारले, ‘हिमनदीवर पाय ठेवलास का?’ तर मी ‘हो’ म्हणेनच, कारण खोटे बोलता येणार नाही. पण लगेच त्या चर्चच्या रिकाम्या खिडकीची हकिगतही सांगेन. ती ऐकल्यावर समोरचा थोडा वेळ गप्प राहिला, तर माझी सहल थोडीफार सार्थकी लागली असे समजेन.