महागडा एक की स्वस्त दोन?

रायपूरच्या समता कॉलनीतल्या एखाद्या दवाखान्याने किंवा शिकवणीवर्गाने वेबसाइट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची म्हटली, की जाणकार मंडळी बजावतात, "घ्यायचाच तर भारी घ्या, स्वस्तातलं यंत्र दगा देतं." सल्ला प्रामाणिक आहे, पण चुकीचा.

भारी सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात, डिस्कही दुहेरी, हे मान्य. पण गल्लीतली डीपी एकच असते आणि रस्ता खोदताना तुटणारी फायबरही एकच. ती गेली की लाखाचं यंत्र आणि वीस हजारांचं यंत्र सारखंच मुकं.

हिशेब सोपा आहे. वर्षाचे तास 8,760. 1 टक्का वेळ बंद पडणारं यंत्र वर्षाला सुमारे 88 तास बंद. अशी दोन यंत्रं, एकमेकांवर अजिबात अवलंबून नसलेली, एकाच वेळी बंद असण्याचा काळ मात्र वर्षाला जेमतेम 53 मिनिटं. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क जोडा, हा विचार बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 मध्येच मांडला होता.

यावर कोणी म्हणेल, "आम्ही दोन ठेवली होती, दोन्ही एकदमच बसली." बसणारच! एकाच टेबलाखाली, एकाच एक्स्टेंशन बोर्डवर, एकाच राउटरला लावलेली दोन यंत्रं हिशेबात एकच धरावीत. दुसरं यंत्र नागपूरच्या नातलगाकडे ठेवा. तिथली वीज महावितरणची, इंटरनेटची लाइन निराळी.

"मग क्लाउडच घ्या की!" यंत्र सांभाळायला माणूस नसेल त्याने जरूर घ्यावं. पण क्लाउड म्हणजेही कुणाच्या तरी इमारतीतली यंत्रंच. 10 मार्च 2021 ला ओव्हीएच कंपनीचं स्ट्रासबुर्गचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच इमारतीत होता त्यांचा तोही गेला.

तेव्हा करावं ते असं. दोन साधे डेस्कटॉप, दोन शहरांत. रायपूर–नागपूर संपर्क तुटला तर दोन्ही यंत्रं स्वतःलाच मुख्य समजतील, आणि एकाच वेळेची अपॉइंटमेंट दोन रुग्णांना जाईल. म्हणून निवाड्याला तिसरं छोटं यंत्र हवं, तेही तिसऱ्याच ठिकाणी. त्यासाठी भाड्याचा स्वस्त क्लाउड पुरतो. बॅकअप वेगळाच ठेवावा, कारण दोन्ही यंत्रं एकमेकांची नक्कल ठेवत असल्याने एकीकडे चुकून पुसलेलं दुसरीकडेही तत्काळ पुसलं जातं. गिटलॅब कंपनीच्या माणसाने 31 जानेवारी 2017 ला चालू डेटाबेस पुसला, तेव्हा बॅकअपच्या बहुतेक सोयी नावापुरत्याच असल्याचं उघड झालं. म्हणून महिन्यातून एकदा मुख्य यंत्राचा प्लग मुद्दाम काढावा, बॅकअप कोऱ्या यंत्रावर उतरवून पाहावा.

विश्वासार्हता यंत्राच्या किमतीत नसते, यंत्रांच्या वेगळेपणात असते. लाखाचा चेक फाडण्याआधी विक्रेत्याला एवढंच विचारा : आमच्या गल्लीतली वीज गेली तर हा सर्व्हर काय करील?