चव तिच्या हातची, पाटी त्याच्या नावाची

आपल्या अंकात प्रवासवर्णन सहसा येत नाही. हेही प्रवासवर्णन नाही. पण सुरुवात प्रवासापासूनच करावी लागेल.

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही चौघी कोकणात गेलो. चौघीही पन्नाशी ओलांडलेल्या, चौघीही पंचवीस-तीस वर्षे संघटनेच्या कामात. आजवर कोकणात गेलो ते शिबिरासाठी, मोर्चासाठी, नाहीतर कुणाच्या तरी केसच्या तारखेसाठी. या वेळी ठरवले, कार्यक्रमपत्रिका नाही, अहवाल नाही. गाडी आमच्यातलीच एकजण चालवणार. पुण्याहून ताम्हिणी उतरून दापोली, मग किनाऱ्याकिनाऱ्याने गुहागर, मालवण, वेंगुर्ले आणि शेवटी गोवा. मासे खायचे, संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बसायचे. गाडीच्या डिकीत नाशिककडच्या वाईनच्या दोन बाटल्याही होत्या. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण परत आल्यावर सगळ्यात जास्त चर्चा त्याच बाटल्यांची झाली.

"दारूच्या दुकानासमोर ठिय्या देणाऱ्या बायका स्वतः वाईन पितात?" एका नातेवाइकाने हसत हसत विचारले. हे गृहस्थ गेली तीस वर्षे दर शनिवारी मित्रांबरोबर 'बसतात'. त्यांना हा प्रश्न कुणी कधी विचारलेला नाही. बाईने चार दिवस घराबाहेर पडावे, कुणासाठी काही न रांधता आयते जेवावे, हसावे, वाटले तर पेलाभर प्यावे, हा तिचा हक्क आहे. त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. मला माफी मागायची आहे ती वेगळ्याच गोष्टीची, आणि वेगळ्याच बाईची.

तिच्यापर्यंत पोचण्याआधी वाटेतले थोडे सांगते. दुपारनंतर हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघितला. होड्या बाहेर उभ्या, माल वाळूत उतरतो, बोली लागते. मोठ्या व्यापाऱ्यांचे टेम्पो तयार असतात. किरकोळ विकणाऱ्या बायका टोपलीभर माल बरा मिळावा म्हणून उन्हात ताटकळत असतात. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. "फोटो काढता, मासळी पण घ्या की," एकजण म्हणाली. पुढच्या एका बंदरावर मी एका मासेवालीला विचारले, "दिवसभर इथे बसता, लघवीला कुठे जाता?" ती नुसती हसली. आपल्या ताटातल्या सुरमईच्या तुकडीची चर्चा आपण चवीने करतो. ती विकणारी बाई दिवसभर पाणी पीत नाही, हे त्या चर्चेत कधी येत नाही.

दाभोळहून तरीत गाडी चढवून धोपाव्याला उतरलो आणि दोन मुक्काम करत मालवण तालुक्यात पोचलो. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून इथल्या गावागावांत घरगुती राहण्या-जेवण्याच्या सोयी वाढत गेल्या. आम्ही उतरलो तेही असेच एक घर. माडांच्या सावलीत, समुद्र हाकेच्या अंतरावर. बाहेर रंगवलेली पाटी होती. वर मालकाचे नाव, खाली 'घरगुती मालवणी जेवण. आईच्या हातची चव'.

ही आई म्हणजे मालकाची बायको, वय चाळीसच्या आसपास. आम्ही त्यांना वहिनी म्हणत होतो. पहाटे साडेचारला त्यांच्या चुलीचा धूर सुटायचा. सकाळी घावणे आणि चटणी. दुपारी बांगड्याचे तिखले, तळलेली सुरमई, तिसऱ्यांचे सुके, भात, सोलकढी. रात्री वडे-सागोती. सोलकढीचा पेला आपण दोन घोटांत संपवतो. पण त्यासाठी नारळ सोलायचा, फोडायचा, विळीवर खोवायचा, वाटायचा, पिळायचा, गाळायचा. ज्या आमसुलांनी तिला रंग येतो ती आधीच्या उन्हाळ्यात करून ठेवायची. रातांबे फोडायचे, सालीला त्यांचाच रस आणि मीठ लावून उन्हात घालायचे, पुन्हा रसात बुडवायचे, पुन्हा उन्हात. पाऊस पडायच्या आत सगळे डब्यात भरायचे. वडे तर पाहुणा पानावर बसल्यावरच तळायचे, कारण ते फुगलेलेच वाढले पाहिजेत. म्हणजे पाहुणा जेवत असताना ती बाई जेवूच शकत नाही.

"वहिनी, बसा ना आमच्याबरोबर," आम्ही म्हटले.

"तुमी जेवा आधी. माजा काय, मी मागसून जेवतंय."

त्यांना आम्ही दोन दिवसांत एकदाही जेवताना पाहिले नाही.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसून वाईन घेतली. मालकांनी अगत्याने पेले आणून दिले. गप्पा रंगल्या. दुसऱ्या बाटलीत निम्मी उरली. झोप येत होती. बाटली तिथेच कोनाड्यात ठेवून आम्ही आत गेलो.

रात्री कधीतरी ताट आदळल्याचा आवाज आला. मग एक चढा आवाज, मग शांतता. मी जागी झाले. शेजारच्या खाटेवरची मैत्रीणही जागी होती, हे मला अंधारातही कळले. आम्ही दोघी गप्प पडून राहिलो. सकाळी कळले की चौघींनीही ऐकले होते.

मैत्रिणींनो, आमच्यातल्या दोघी सल्लाकेंद्र चालवतात. एकीने २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर गावोगावी शिबिरे घेतली आहेत. "शेजारच्या घरातून आवाज आला तर दार वाजवा", हे वाक्य मी स्वतः किती व्यासपीठांवरून बोलले असेन, याची मोजदाद नाही. पण त्या रात्री आम्ही कार्यकर्त्या नव्हतो. आम्ही गिऱ्हाईक होतो. सुट्टीवर होतो.

सकाळी घावण्यांची ताटली ठेवताना वहिनी हळूच म्हणाल्या, "ताई, एक सांगू? जाताना बाटली घेवन जावा. हयसर ठेवू नकात." मी विचारले, काय झाले? "कायएक नाय. तुमची बाटली रवली होती, ती संपवल्यानी. मग जेवान थंड झाला म्हणान ताट उडवल्यानी. पावण्यांका सांगूचा नसता, पण तुमी बायकाच मा, म्हणान सांगतंय."

तुम्ही बायकाच ना, म्हणून सांगते! ज्या ताटाच्या आवाजाला आम्ही उठलो नाही, तेच ताट वाजवणाऱ्याच्या बायकोने आमच्यावर एवढा विश्वास टाकावा!

निघताना पैसे द्यायचे ठरले तेव्हा म्हटले, वहिनींच्याच हातात देऊ. त्यांनी भिंतीवर चिकटवलेला कोड दाखवला. मोबाइल धरला, रक्कम घातली, पडद्यावर नाव उमटले ते मालकाचे. दोन दिवसांच्या सोळा-सोळा तासांच्या कामाचा मोबदला एका क्षणात ज्या खात्यात गेला, त्या खात्यावर तिची सही चालत नाही.

गाडीत पुढचे दोन तास आमचे कडाक्याचे भांडण झाले. एक म्हणाली, चूक आपली आहे, कुणाच्या घरात बाटली न्यायचीच कशाला? यापुढे नाही. दुसरी म्हणाली, ताट बाटलीने नाही फेकले. चहात साखर कमी पडली म्हणून फेकणारे पुरुष मी पाहिले आहेत. 'दारूमुळे झाले' ही पुरुषाची हक्काची पळवाट आहे, ती आपणच त्याच्या हातात का द्यायची?

चळवळीत हा वाद जुना आहे. आडव्या बाटलीसाठी मतदान घडवून आणताना आपण तो हजारदा केला आहे. यादीतल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी बाटली आडवी करायला हवी, या अटीपायी चपला झिजवलेल्या बाया आपल्यात आहेत. दुसऱ्या बाजूला जानेवारी २०२२ मध्ये सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला परवानगी देण्याचे ठरवले, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हे, त्यात शेतकऱ्याचे हित आहे, असे आपल्याला समजावण्यात आले. विरोध करणाऱ्यांना संस्कृतीची काळजी लागली होती. दोन्हीकडून बोलणारे बहुतेक पुरुषच. द्राक्षबागेत दिवसभर मान वर करून विरळणी करणारी बाई त्या 'शेतकरी' शब्दात येते का, हे कुणी विचारले नाही. आणि बाटली घरी आली की ती कोण फोडतो आणि कुणाच्या जिवावर, हेही नाही.

मला वाटते, गाडीतल्या दोघींचेही बरोबर होते आणि दोघींचेही अपुरे होते. ताट बाटलीने फेकले नाही हे खरे. पण बाटली आम्ही तिथे ठेवली हेही खरे. खरा प्रश्न याच्या पलीकडचा आहे. स्वतःच्या घरात, स्वतः राबून चालवलेल्या धंद्यात, 'इथे प्यायचे नाही' असे पाहुण्याला तोंडावर सांगण्याची सोय त्या बाईला का नव्हती? ज्या दिवशी पाटीवर तिचे नाव असेल, त्या दिवशी 'येथे मद्यपान करू नये' अशी दुसरी पाटी लावायची की पाहुण्यांना वाईन प्यायला मोकळीक द्यायची, हे ती ठरवेल. तिने काहीही ठरवावे. ठरवणारी ती असावी, एवढेच माझे म्हणणे.

पुढच्या वाटेवरही हेच दिसले. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रातून निघालेल्या काजूच्या जाती सगळीकडे नावाजल्या गेल्या. पण त्याच टापूत काजूच्या कारखान्यात बाकावर ओळीने बसून बी फोडणाऱ्या बायकांचे हात बघा. टरफलातले तेल कातडी जाळते, बोटे काळी पडतात. गर अख्खा निघाला तर भाव, तुकडा पडला तर कमी. गोव्यात पेडण्याच्या बाजूला एक भाटी बघितली. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे कौतुक तिथे ऐकले. बोंडू तुडवायला एक तरुण उतरला, पर्यटकांनी फोटो काढले. फेणीचे बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून पडलेलेच वेचतात. म्हणजे रोज पहाटे उठून, वाकून, डोंगरउतारावरून गोळा करायचे आणि बी पिळून वेगळी करायची. पाट्या घेऊन उतारावरून येणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या. त्यांचा फोटो कुणी काढला नाही. भाटीचा परवाना कुणाच्या नावावर, हे विचारल्यावर मालकाला प्रश्नच कळला नाही. "माझ्याच," तो म्हणाला. लिंबू-मीठ घालून त्याने दिलेला हुराक आम्ही प्यायलो. चांगला होता. पण घशाखाली सहज उतरला नाही.

आता कुणी म्हणेल, सरकार करते आहेच की. खरे आहे. २०२३ साली महाराष्ट्राने महिलांसाठी पर्यटन धोरण आणले. त्याचे नाव काय, तर 'आई'! पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या बाईला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळेल, अशी त्यात तरतूद आहे. अट अशी की व्यवसाय तिच्या मालकीचा आणि तिनेच चालवलेला हवा. अट योग्यच आहे. पण वहिनींचे घर सासऱ्यांच्या नावावर, पाटी नवऱ्याच्या नावावर, खाते नवऱ्याचे. तिच्या नावावर काय? आईच्या हातची चव! चवीवर बँक कर्ज देत नाही.

आणि नुसते नाव लावून भागत नाही, हे आपण सरपंचबाईंच्या बाबतीत बघितले आहे. सही तिची आणि खुर्चीत पती. उद्या व्याज वाचते म्हणून धंदा कागदावर तिच्या नावाने होईल आणि कोड मात्र त्याच्याच खात्याचा राहील. म्हणून नावाबरोबर खाते, खात्याबरोबर हिशेब आणि हिशेबाबरोबर सुट्टी, या चारही गोष्टी मागायला हव्यात. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. जमिनीचे होऊ शकते, तर खोल्यांचे आणि पाटीचे का नाही?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आपल्या गटांना विनंती आहे. आपापल्या गावातल्या राहण्या-जेवण्याच्या सोयींची यादी करा. नोंदणी कुणाच्या नावावर, पैसे कुणाच्या खात्यात, राबते कोण, एवढे तीन रकाने पुरेत. ही यादी घेऊन 'आई' धोरणाच्या अधिकाऱ्यांकडे जाता येईल, ग्रामसभेतही मांडता येईल.

आणि आपण, शहरातून जाणाऱ्या? आपण जरूर जावे. मजा करावी. पण खोली ठरवतानाच विचारावे, पैसे घरातल्या बाईच्या खात्यात भरता येतील का? वड्यांचा आग्रह एक वेळ सोडून सगळ्यांनी एकदमच, तिच्यासह, पानावर बसावे. बाटली न्यायची असेल तर आधी तिला एकटीला गाठून विचारावे. नाही म्हणाली तर गाडीतून काढू नये. हो म्हणाली तर घोटभरही मागे ठेवू नये. याला कुणी सोवळेपणा म्हणेल. म्हणू दे.

महागाईविरोधी आंदोलनात, १९७२ नंतरच्या त्या दिवसांत, मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या होत्या. त्या थाळीच्या आवाजावर आपली चळवळ वाढली. मालवणातल्या त्या रात्रीचा आवाजही ताटाचाच होता, आणि आम्ही चौघी कूस बदलून झोपलो. वहिनी, हा लेख तुमच्यापर्यंत पोचेल की नाही, माहीत नाही. पण माफी तुमचीच मागते आहे. पुढच्या वेळी ताट वाजले, तर आम्ही उठू.