‘पूर्वी वापरत असत’

आमच्या भागातील एका धर्मग्रामात सणाच्या निमित्ताने जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरले होते. मंडप नेटका होता, गर्दीही चांगली होती. जाते, उखळ-मुसळ, तांब्याचा हंडा, कंदील, घडी घालून ठेवलेले लाल लुगडे आणि मधोमध एक रहाट. प्रत्येक वस्तूपुढे सुवाच्य अक्षरात लिहिलेली चिठ्ठी होती. जात्यापुढे ‘जाते : पूर्वी दळण्यासाठी वापरत असत.’ रहाटापुढे ‘रहाट : पूर्वी विहिरीतून पाणी काढण्यासाठी वापरत असत.’ हा रहाट कोणत्या विहिरीवरचा, कोणी दिला, शेवटचा कधी फिरला, असे मी तेथील कार्यकर्त्यांना विचारले. कोणालाच सांगता येईना. तशी नोंद करावी हे कोणाच्या मनातही आले नव्हते. प्रदर्शन पाहणारे मात्र कृतार्थ होऊन बाहेर पडत होते. आपण आपली संस्कृती जपली, असे समाधान त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होते.

असली प्रदर्शने भरवू नयेत, असे माझे मुळीच म्हणणे नाही. माझा आक्षेप आहे तो ‘पूर्वी वापरत असत’ या तीन शब्दांवर. ‘पूर्वी’ म्हटले की साल पुसले जाते. ‘वापरत असत’ म्हटले की वापरणारा माणूस नाहीसा होतो आणि वापरणे का थांबले हा प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. मग उरते ते लाकूड. त्याला तेलपाणी करून उजळले, एवढ्याने ते बोलू लागत नाही.

रहाटाचेच घ्या. त्यात दोन दातेरी चाके असतात, एक आडवे व एक उभे. बैल किंवा रेडा गोल फिरला की चाकांचे दाते एकमेकांत अडकून विहिरीवरचे चाक फिरते, आणि त्यावरून सोडलेली गाडग्यांची माळ पाणी घेऊन वर येऊन पन्हळीत ओतते. पाटाने ते पाणी केळीच्या व पानवेलींच्या वाफ्यांत जाते. चाकांचे दाते सुताराने बसवलेले असत आणि गाडगी कुंभाराकडची. गाडगी फुटत, म्हणून कुंभाराशी वाडीचे नाते वर्षानुवर्षांचे राही. पुढे मातीच्या जागी पत्र्याचे डबे आले. ते फुटत नाहीत, तेव्हा कुंभाराची ये-जा थांबली. एका माळेवरची काही गाडगी मातीची आणि काही पत्र्याची असतील, तर त्या माळेवर एका व्यवसायाचा अस्तच नोंदलेला असतो. आमच्या मंडपातील रहाटावर पत्र्याचे डबे होते. आदल्या दिवशी त्यांना चंदेरी रंग फासण्यात आला होता.

शिवाय जनावर जेवढे चालेल तेवढेच पाणी वर येई. तेवढ्या वेळात विहिरीत झरा भरत राही. पंप आले तेव्हा ही मर्यादा गेली. समुद्रालगतच्या वसईच्या पट्टीत झऱ्यापेक्षा उपसा जास्त झाला की खारे पाणी आत सरकते, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पुढे वाड्यांतले पाणी टँकरने विकले जाऊ लागले, विहिरी मचूळ झाल्या आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. ज्या पाण्यासाठी आपली माणसे रस्त्यावर उतरली, त्या पाण्याचे जुने माप तो रहाट होता. आणि आपण त्याच्यापुढे ‘पूर्वी वापरत असत’ अशी चिठ्ठी ठेवतो!

आणखी एक प्रश्न आहे, तो गैरसोयीचा असल्यामुळेच टाळला जात असावा. त्या जनावरामागे कोण फिरत होते? कित्येक वाड्यांत तो आदिवासी मजूर होता. आपण ‘आमच्या पूर्वजांचे कष्ट’ म्हणून जे मिरवतो, त्यात त्याचा वाटा किती, हे रहाटाचा अभ्यास केला तर विचारावे लागेल. जात्याचा खुंटा गुळगुळीत झालेला असतो. तो कोणाच्या तळहाताने झाला, पहाटे किती वाजता उठून, घरात किती माणसे असताना? लग्नाच्या वर्णनात हौसेने येणाऱ्या लाल लुगड्यालाही हेच विचारता येईल. असो.

हा दोष एकट्या धर्मग्रामाचा मानू नये. मोठमोठ्या संग्रहालयांतही दीर्घकाळ हेच चालत आले आहे. सतराव्या शतकात गोव्यात घडवलेल्या उत्तम मेंढपाळाच्या हस्तिदंती मूर्ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, इतरत्रही आहेत. डोंगराच्या शिखरावर बाल ख्रिस्त बसला आहे, गाल हातावर टेकलेला, डोळे मिटलेले, खांद्यावर कोकरू. खाली झरा आहे, त्यावर पाणी पिणारी पाखरे वा मेंढरे आहेत आणि तळाशी गुहेत मरिया माग्दालेना पहुडली आहे. वीतभर उंचीच्या हस्तिदंतात एवढे सारे कोरले आहे. त्याखाली ओळ असते : ‘इंडो-पोर्तुगीज, हस्तिदंत, सतरावे शतक.’ ती खोटी नाही, पण तिच्यावर थांबणे हे डोळे मिटणेच होय.

हस्तिदंत कोठून आला? त्यातला बराचसा मोझांबिककडून, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, पोर्तुगीज जहाजांतून येत असे. त्याच व्यापारात माणसेही विकली जात होती. मेंढपाळाच्या त्या शुभ्र मूर्तीमागे मारलेले हत्ती आहेत, सुळे वाहणारे खांदे आहेत. मूर्तीवर कारागिराचे नाव नाही. परंतु १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतीय धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांनी पवित्र प्रतिमांचे काम अख्रिस्ती कारागिरांना देऊ नये, असे बंधन घातले होते. जे घडतच नाही त्यावर कोणी बंदी घालत नाही. म्हणजे हिंदू हात ख्रिस्ताची प्रतिमा घडवत होते, ख्रिस्ती घरे त्यांना काम देत होती आणि अधिकाऱ्यांना ते खुपत होते. नुसता ठराव वाचणारा म्हणेल, बंदी होती. नुसती मूर्ती पाहणारा म्हणेल, काय सुंदर कोरीवकाम! दोन्ही शेजारी ठेवले की त्या काळातल्या गोव्याचा बाजार दिसू लागतो, तेथली गरज, भीती आणि रोजची तडजोड दिसू लागते.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. त्या मिटलेल्या डोळ्यांत पुष्कळांना बुद्ध दिसतो आणि लगेच ‘समन्वय’ हा शब्द उच्चारला जातो. आपल्या व्यासपीठांवर तर तो फारच लाडका आहे. वस्तुतः निद्रिस्त बाल येशूची चित्रे युरोपातही काढली जात होती. साम्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही, परंतु साम्य म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. अशा काळात छिन्नी चालवणाऱ्या माणसाला समन्वय साधायचा होता, की दिवसाची मजुरी घेऊन सुखरूप घरी जायचे होते? मला दुसरे अधिक संभवनीय वाटते.

आपल्या अभिमानाच्या वस्तूंनाही हीच कसोटी लावायला हवी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर चर्चच्या घंटा देशावरील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील प्रसिद्ध घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळच्या मेणवलीची घंटाही तशीच. ‘आमच्या घंटा नेल्या’ असे आपण अजून हळहळून सांगतो. लूट ती लूटच, पण ‘आमच्या’ म्हणताना जरा थांबावे. तटाच्या आत प्रामुख्याने पोर्तुगीज उमराव आणि मठवासी राहत. आपले पूर्वज बहुतांशी तटाबाहेरच्या गावांत होते. त्या घंटांच्या नादावर कोण उठत होते आणि कोण कामाला लागत होते? जिंकणाऱ्यांनी त्या वितळवल्या नाहीत, वरची अक्षरे खरवडली नाहीत, देवापुढे टांगल्या, हेही अभ्यासण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, हे विद्वानांचे काम. आम्हा संसारी माणसांना ते कसे जमावे? पुण्याचे दिनकर केळकर चष्म्यांच्या धंद्यातले होते, कविता करीत. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी अडकित्ते, दिवे, भांडी अशा घरगुती वस्तूंचे संग्रहालय उभे केले. गावोगाव हिंडून वस्तू मिळवायला त्यांनी कोणाच्या पदवीची वाट पाहिली नाही. आणि आपल्याजवळ तर वस्तू वापरलेली माणसे अजून हयात आहेत. दुसरा कोणी म्हणेल, आपली बाप्तिस्म्याची पुस्तके आहेत, ती पुरेत. त्या पुस्तकांत मुलाचे नाव मिळेल, आईबापांचे व धर्ममातापित्यांचे मिळेल. पाळणा कोणी केला आणि त्याचे पैसे कसे फेडले, हे त्यांत मिळणार नाही. जुन्या वेदीचे लाकूड मोडीत विकताना ज्यांनी आक्षेप घेतला नाही, त्यांनी निदान कागदाचा आधार देऊ नये.

एक वही पुरे. वस्तू स्वीकारताना देणाऱ्याला समोर बसवावे आणि विचारावे : कोणी केली, कशाची, किंमत पैशात दिली की भातात, घरातल्या कोणी हाताळायची आणि कोणी नाही, दुरुस्ती कोठे झाली, का टाकली. डाग व डागडुजी पुसू नये. रंग तर कदापि लावू नये. उत्तर न मिळाल्यास तेही लिहावे, साल घालून.

तो रहाट सध्या सभागृहामागे ताडपत्रीखाली आहे. मी चौकशी केली, तेव्हा दोन वृद्धांनी दोन वेगवेगळ्या विहिरी सांगितल्या आणि दोघांनीही आपलेच खरे असे ठासून सांगितले. येत्या रविवारी मिस्सानंतर दोघांना घेऊन मी दोन्ही विहिरींवर जाणार आहे. चाकाच्या खुणा काठावरच्या दगडावर उरल्या असतील, तर चाकाचा घेर मोजून पाहता येईल.