सोनपेठच्या लेकरांना आश्रम नको, पाळणाघर हवे

अनाथ मुलांसाठी काही करायचे म्हटले की आपल्याकडे दोनच वाटा डोळ्यांसमोर येतात. मूल लांबच्या एखाद्या आश्रमात पोचते करायचे, नाही तर वाढदिवसाला खाऊ, वह्या आणि जुने कपडे घेऊन त्या आश्रमात एक दुपार काढायची. दोन्हींमागची माया खरी असते, याबद्दल मला शंका नाही. माझा वाद आहे तो तिने धरलेल्या वाटेशी. परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठसारख्या तालुक्यात बाप किंवा आई, क्वचित दोघेही गमावलेल्या गरीब मुलाची खरी नड या दोन्ही वाटांनी भागत नाही. त्याला घराजवळचे, दिवसभर उघडे असणारे पाळणाघर हवे आणि तिथे ठरल्या वेळी न चुकता येणारी तीच ती माणसे हवीत.

घरातले कर्ते माणूस गेले म्हणून इथले मूल सहसा रस्त्यावर येत नाही. आजी असते, चुलता असतो, बहुतेक वेळा आईही असते. त्यांच्यापाशी नसतो तो वेळ. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली घरे ऊसतोडीला निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. गावात राहिलेल्या बाया सोयाबीनच्या काढणीला, कापूस वेचणीला, खुरपणीला जातात. वेचणीची मजुरी किलोवर. मूल कडेवर घेऊन वेचणाऱ्या बाईचा कापूस कमी भरतो. म्हणून मूल घरी ठेवले जाते आणि आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण शाळा बुडवून त्याला सांभाळते. हजेरीपटावर तिचे नाव असते, ती मात्र उंबऱ्यात बसून धाकट्याला भाकरी चारत असते. पाळणाघर उघडले तर एका वेळी दोन मुलांचा दिवस सुधारतो, हा हिशेब खाऊवाटपाला कधीच जमणार नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: पत्र्याच्या खोलीत म्हाताऱ्या आजीपाशी उपाशीतापाशी राहण्यापेक्षा मूल आश्रमात दोन वेळ जेवेल, शिकेल, मग हट्ट कशाला? आश्रमांचे मोल मी नाकारत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात घरेच्या घरे गाडली गेली, तेव्हा राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्गला ‘आपलं घर’ उभे केले. त्या मुलांना दुसरा निवारा नव्हता. सोनपेठच्या मुलाला अजून घर आहे. ते मोडून त्याला उपकृत करण्याचे कारण नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही मुलाला संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय मानला आहे. त्याला आधारही भक्कम आहे. रुमानियात २००० साली सुरू झालेल्या बुखारेस्ट प्रकल्पात संस्थांतल्या १३६ बालकांपैकी निम्मी, चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी, कुटुंबांत ठेवली गेली. पुढे त्यांची बौद्धिक वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा सरस दिसली. जी लवकर घरात गेली त्यांची अधिकच. तिथल्या संस्था भयाण होत्या आणि आपल्याकडचे आश्रम तसे नाहीत, हे मान्य. पण एका बाईच्या वाट्याला खूप मुले आणि पाळी संपली की बाई बदलणार, ही अडचण सगळीकडे तीच आहे.

याहून अवघड आक्षेप नातेवाइकांविषयीचा आहे. पोरक्या पोरीला चुलत्याच्या घरी धुणीभांडी लावतात, वयात येण्याआधी उजवून टाकतात, मग घर कसले सांगता? हे खरे आहे आणि ते झाकून चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४८ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. शेजारच्या गंगाखेडची जनाबाईसुद्धा, परंपरा सांगते त्याप्रमाणे, लहानपणी परक्या घरात आली आणि आयुष्यभर दळणकांडण करत राहिली. मात्र या आक्षेपातूनच पाळणाघराची बाजू बळकट होते. मुलाला रोज पाहणारे तिऱ्हाईत डोळे दुसरीकडे कुठे आहेत? मांडीवर घेताना वजन घटलेले कळते, आंघोळ घालताना पाठीवरचा वळ दिसतो. धाकट्याला सोडायला येणारी थोरली दोन दिवस आली नाही, तर कुणीतरी तिच्या घरी जाऊन विचारू शकते.

‘अंगणवाडी आहे की!’ असेही म्हणतात. आहे, आणि तिचे ऋण मोठे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मूल बालवाडीत येत नाही असे पाहून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. घराजवळच्या सोयीचा हा धडा महाराष्ट्राने तिथेच घेतला. पण अंगणवाडी सकाळचे काही तास चालते आणि शेतमजूर बाई संध्याकाळी परतते. मधल्या दुपारचे काय? शिवाय सेविकेमागे वजने, लसीकरण, सर्वेक्षणे आणि मोबाईलवरच्या नोंदींचे लचांड आहे. केंद्राच्या पाळणा योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर काढता येते. सोनपेठने ते मागितले पाहिजे.

आता स्वयंसेवकांविषयी. ‘काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे’ हे वाक्य इतक्या चांगल्या माणसांच्या तोंडी आहे की ते खोडताना जड जाते, तरी खोडले पाहिजे. मृत्यूने ज्याचे माणूस नेले आहे, त्या तीन वर्षांच्या मुलाला शनिवारी लळा लावायचा आणि सोमवारपासून दिसायचे नाही, हे थोडे चांगले करणे नव्हे. ती त्याची आणखी एक ताटातूट आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन यांनी २०१० मध्ये एड्सने पोरक्या झालेल्या मुलांकडे येणाऱ्या हौशी पाहुण्यांबद्दल हाच इशारा दिला होता. अनोळखी पाहुण्याच्या गळ्यात पडणारे मूल पाहून आपल्याला भरून येते, पण ते प्रेमाचेच लक्षण असते असे नाही. पुष्कळदा कुणा एकाचा भरवसा न उरल्याची ती खूण असते. म्हणून कामाच्या अटी कडक हव्यात. निदान एक शैक्षणिक वर्ष, ठरलेले वार, ठरलेली वेळ, तीच चार-पाच मुले, फोटो नाहीत आणि जाण्याआधी मुलांना सांगून, हळूहळू निरोप. काम तरी कसले? नखे कापणे, उवा काढणे, चिंचोके मांडून दहापर्यंत मोजणे, हळू जेवणाऱ्यापाशी ताट संपेपर्यंत बसणे, दुपारी गोधडीवर थोपटणे. यात भाषणाला जागा नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: फुकट राबणारे मिळाले की सरकार अंग काढून घेते. म्हणूनच पाळणाघर स्वयंसेवकांच्या जिवावर चालवू नये. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकामावरच्या मजुरांच्या लेकरांसाठी पाळणाघर काढले आणि ते काम पुढे मुंबई-पुण्यात आले, ते नुसत्या हौसेवर टिकले नाही. शिकवून तयार केलेल्या बायांवर टिकले. सोनपेठलाही मुख्य बाई गावातलीच, पगारी आणि प्रशिक्षित हवी. एकटीने संसार ओढणाऱ्या बाईला हे काम मिळाले तर दुधात साखर. स्वयंसेवकाने तिच्या हाताखाली काम करावे.

ज्याला असे नेमाने येणे जमत नाही, त्याने मुलांना लळा न लावता आजीचे कागद करावेत. सावित्रीबाईंच्या नावाने चालणाऱ्या बालसंगोपन योजनेत अनाथ आणि एक पालक असलेल्या मुलासाठी दरमहा २२५० रुपये मिळतात. त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, आधार, पासबुक असे सगळे जुळवून बालकल्याण समितीपुढे जावे लागते. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीचा परभणीच्या एका फेरीत दिवस मोडतो, मजुरी बुडते आणि एक कागद कमी निघाला की पुन्हा तेच. मोटारसायकल असलेल्या शिकल्यासवरल्या तरुणाने ती फाईल हाती घ्यावी आणि पहिला हप्ता खात्यावर पडेपर्यंत सोडू नये.