शिका म्हणता, मग फीचं बोला



14 एप्रिल आला की चौकात माईक लागतो. शिका! स्टेजवरचा ओरडतो, खालून टाळ्या पडतात. शिक्षण म्हणजे वाघिणीचं दूध, असंही कोणीतरी सांगून जातो. ऐकून ऐकून कान किटले. या दुधाचा भाव काय आणि तो भरायचा कोणी, हे मात्र कुठल्याच स्टेजवरून ऐकायला मिळत नाही. या अंकात आम्हाला तेच बोलायचंय.

आधी बाबासाहेबांचंच घेऊ. त्यांच्या डिग्र्या आपल्या पोरांना तोंडपाठ असतात. त्या डिग्र्यांचं बिल कोणाला पाठ नसतं. 1913 साली ते कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, आणि बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी करण्याचा करार. 1917 ला लंडनचं शिक्षण अर्धं टाकून परत यावं लागलं. का? तर शिष्यवृत्तीची मुदत संपली. मग सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसरी करून पै पै साठवली, शाहू महाराजांनी हात दिला, नवल भथेना या पारशी दोस्तानं 5,000 रुपये उसने दिले, तेव्हा कुठं 1920 ला पुन्हा बोटीवर पाय पडला. एवढ्या बुद्धीच्या माणसाचं शिक्षण पैशापायी तीन वर्षं अडून राहिलं. मग माकणीच्या शेतमजुराच्या पोराला 'मनात असलं की सगळं होतं' हे ज्ञान कोणत्या तोंडानं शिकवता?

माकणी आमचं गाव. तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव. तेरणेवरचं धरण आमच्या गावात आहे. 1993 च्या भूकंपात हा सगळा पट्टा हादरला. इथली पोरगी बारावीपर्यंत कशीबशी जाते. पुढचं निघालं की घरात आवाज येतो, "कशाला पैसं घालायलास तिच्या शिक्षणात? नोकरी कुठं ठेवलीया?" असं बोलणारा दरवेळी पाटीलच असतो असं नाही. आपलाच चुलता असतो. त्याला मागास म्हणून शिव्या घालणं सोपं आहे. पण त्यानं हिशेब केलेला असतो. एस.टी.चा पास, खोलीचं भाडं, मेस, फॉर्म, झेरॉक्स, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पडताळणीच्या खेपा. आणि सगळ्यात मोठा आकडा, जो कुठल्याच पावतीवर नसतो : पोरगी कॉलेजात बसली की घरातली एक मजुरी बुडते.

यावर सरकारचं उत्तर काय? भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. ही 1944 साली सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात होते तेव्हा. 2021 च्या नियमांप्रमाणे घरून येऊन बी.ए. करणाऱ्या पोराला निर्वाह भत्ता वर्षाला 3,000 रुपये. महिन्याला 250. एवढ्यात कुठल्या शहाण्याचा निर्वाह होतो ते त्यानं येऊन दाखवावं. उत्पन्नाची अट 2.5 लाखांची, 2013 साली ठरलेली. 2021 ला नियम नवे काढले, अट जुनीच ठेवली. मधल्या आठ वर्षांत भाजीपासून खोलीपर्यंत सगळं वर चढलं, फक्त आपली गरिबी तेवढ्याच आकड्यात कोंबायची.

आणि ही रक्कमसुद्धा कधी येते? जूनमध्ये कॉलेज फी मागतं, पैसा वर्ष सरता सरता पोर्टलवरून खात्यात पडतो, कधी वर्ष उलटून. स्कॉलरशिपच्या पोरांकडून आगाऊ फी मागू नका, असे सरकारचे कागद आहेत. कागद मंत्रालयात, पोरगं खिडकीवर. मी मॅट्रिक आहे. अकरावीच्या वेळी एका कॉलेजच्या खिडकीवरचा बाबू मला म्हणाला, स्कॉलरशिप येईल तेव्हा येईल, तू आधी फी टाक. माझं कॉलेज तिथंच संपलं. आता गोदीत माल चढवतो-उतरवतो. 2024 साली मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका मजुराच्या पोराला धनबादच्या आय.आय.टी.त जागा मिळाली. 17,500 रुपये भरायचे होते, 24 जूनच्या संध्याकाळी पाचच्या आत. मिनिटांवरून जागा गेली. सुप्रीम कोर्टानं ती सप्टेंबरात परत दिली, चांगलं केलं. पण ज्यांची जागा गेली ते सगळे काय सुप्रीम कोर्टापर्यंत जातात?

आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट ऐका. तुळजापूरला 1986 पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा परिसर आहे. दुष्काळ, भूक, जात यांचा तिथं अभ्यास चालतो. 2017 च्या परिपत्रकानं भारत सरकारच्या शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या पोरांना सांगितलं, वसतिगृहाचे आणि जेवणाचे पैसे तुम्ही भरा. ओबीसी पोरांची सवलत त्याआधीच कापली होती. संस्था म्हणते सरकारकडून पैसा येत नाही, सरकार संस्थेकडं बोट दाखवतं. 21 फेब्रुवारी 2018 पासून मुंबई, तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटी, चारही ठिकाणची पोरं संपावर गेली. त्यांनी वर्ग बंद पाडले ते नवं काही मागायला नाही, होतं ते परत मागायला. भुकेवर प्रबंध लिहायचा आणि मेसचं बिल थकलं म्हणून ताटावरून उठायचं, असा हा अभ्यासक्रम.

हे काही आपोआप झालं नाही. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. साखरसम्राटांचे शिक्षणसम्राट झाले. डोनेशन इतकं माजलं की 1987 ला कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. 2005 ला इनामदार खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, विनाअनुदानित कॉलेजात सरकारला आरक्षण लादता येणार नाही. मग घटनादुरुस्ती करून 15(5) कलम आणलं. म्हणजे जागा कागदावर आपली झाली, पण जागेची किंमत बाजारानं ठरवली. मराठवाडा विद्यापीठाच्या पाटीवर एक नाव यावं म्हणून 1978 ते 1994 सोळा वर्षं आपली माणसं मेली, घरं जळाली. त्याच विद्यापीठाच्या कॉलेजात आपलं पोरगं फीपायी गळतं तेव्हा कोणाचं घर जळत नाही. म्हणून बातमीही होत नाही.

परदेशाचं तर बोलूच नका. 2022 ला केंद्रानं राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीचे नियम बदलले : भारताचा इतिहास, संस्कृती, समाज असे विषय घेणाऱ्याला पैसा नाही. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबियात निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. या नियमात त्यांचाच अर्ज बाद झाला असता! जुलै 2025 मध्ये याच योजनेत 106 पोरं निवडली गेली आणि पत्रं आधी मिळाली फक्त 40 जणांना. उरलेल्या 66 जणांना सांगितलं, निधी असला तर बघू.

आता काही दोस्त म्हणतील, डिग्री घेऊन तरी काय, डिग्रीवालेही रिक्षा चालवतात. खरं आहे. नोकरीची हमी आम्ही देत नाही. पण गोदीत रोज बघतो : माल उचलतो आम्ही, किती उचलला ते लिहितो टॅली क्लार्क. भांडण झालं की मुकादम वही उघडतो. आमची पाठ कोणी उघडून बघत नाही. कोर्टात, समाजकल्याणात, बँकेत, वर्तमानपत्रात सगळीकडं अशी एकेक वही आहे आणि ती दुसऱ्याच्या हातात आहे. मला त्या वहीवर आपला हात पाहिजे. नोकरी लागो न लागो.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रवेशाच्या वेळी पात्र पोराकडून एक पैसा घ्यायचा नाही, सरकार आणि कॉलेज यांनी आपला हिशेब आपसात करावा. भत्ता महिन्याच्या महिन्याला, आणि आजच्या भावानं. आणि जयंतीच्या वर्गणीतून डीजे ठरवणाऱ्या मंडळांनाही विचारतो, त्यातून तालुक्यातल्या दोन पोरींचा पास आणि मेस का निघू नये? राग आला तर येऊ द्या.

लोहारा, उमरगा, तुळजापूरच्या पोरांनी यंदाच्या प्रवेशात खिडकीवर एकटं जायचं नाही, चौघांनी मिळून जायचं. किती आगाऊ मागितले, पावती दिली का, कोणी मार्कशीट अडवून ठेवली, हे लिहून कळवा. कागदाची झेरॉक्स जोडा. पुढच्या अंकात कॉलेजच्या नावासकट छापतो.