हातमोजा मापाचा हवा

जुलाबांनी सुकलेल्या आठ महिन्यांच्या बाळाला सलाईन लावायची वेळ आली, की वॉर्डातली अनुभवी परिचारिका डोळ्यांपेक्षा बोटांवर जास्त भरवसा ठेवते. शीर दिसत नाही, ती बोटाला लागते. दाबली की दबणारी, सोडली की हलकेच वर येणारी जागा, हीच तिची खूण. नेमके त्याच वेळी बोट आणि कातडी यांच्यामध्ये रबराचा पडदा असतो. मग काही जणी तर्जनीच्या टोकावरचा हातमोजा कात्रीने कापून टाकतात. वरिष्ठ रागावतात, सूचनाफलकावर कागद लागतो, आणि आठवड्याभरात कापलेली बोटे पुन्हा दिसू लागतात.

ही सवय धोक्याची आहे, यात वाद नाही. बाधित रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली, तर एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता सरासरी ०.३ टक्के असते. हिपॅटायटिस बीची, लस न घेतलेल्यांमध्ये, ६ ते ३० टक्के. हातमोजा सुई अडवत नाही हे खरे. पण रबरातून आरपार जाताना सुईवरचे बरेचसे रक्त बाहेरच पुसले जाते, आणि नखाशेजारच्या बारीक चिरांपर्यंत ते पोहोचत नाही. टोक कापले की सुईच्या सर्वांत जवळ असलेले बोटच उघडे पडते. तरीही परिचारिकेला निष्काळजी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तिची तक्रार खरी आहे का, हे कोणी विचारत नाही.

ती खरी आहे, पण अर्धी. बोटाच्या टोकाला अवघ्या दोन-तीन मिलिमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगवेगळे कळतात. जाड किंवा एकावर एक दोन हातमोजे चढवले की ही बारकाई कमी होते आणि बारीक वस्तू हाताळायला वेळ लागतो. कोविडच्या वॉर्डांत काम केलेल्या कोणत्याही सिस्टरला हे सांगावे लागणार नाही. मात्र पातळ आणि मापाच्या हातमोज्यात हा फरक बराच कमी असतो, आणि सरावाने आणखी कमी होतो. केसापेक्षा बारीक धाग्याने रक्तवाहिनी शिवणारे शल्यचिकित्सक हातमोजे घालूनच शिवतात ना!

म्हणजे अडचण हातमोज्याची कमी, ढगळ हातमोज्याची जास्त. भांडारातून ‘मीडियम’ किंवा ‘लार्ज’ची खोकी येतात आणि लहान चणीच्या मुलींना तीच वापरावी लागतात. बोटाच्या पुढे रबराची चुणी राहते. ती सिरिंजच्या दट्ट्यात अडकते, कॅन्युलाच्या टोपणाखाली सापडते. सर्वांत वाईट हाल चिकटपट्टीचे. कॅन्युला शिरेत गेली, रक्त दिसले, आता पट्टी लावायची. तर पट्टी बाळाच्या हाताऐवजी हातमोज्याला चिकटते, सोडवताना रबर फाटते, आणि तेवढ्यात बाळ हात झटकून कॅन्युला बाहेर काढते. पुन्हा टोचणे आले. आईच्या दृष्टीने मात्र ‘सिस्टरला येत नाही’. मे महिन्यात घामाने आतला हात सुळसुळीत झाला की यात आणखी भर पडते. कापडाच्या बाबतीत जातही महत्त्वाची, तसेच इथेही: लॅटेक्स बोटाला बिलगते, पण काहींना त्याची ॲलर्जी असते; नायट्राइल टिकाऊ, पण ताण कमी घेते; व्हिनाइल स्वस्त आणि सर्वांत सैल. निविदेत मात्र बहुधा दर पाहिला जातो.

गंमत अशी, की शस्त्रक्रियेतला रबरी हातमोजा जन्माला आला तो एका परिचारिकेच्या हातांसाठीच. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांना जंतुनाशक द्रावणातल्या पाऱ्याच्या क्षाराने पुरळ उठत असे. १८८९-९० च्या हिवाळ्यात शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ हातमोजे करवून घेतले. पुढे हॉलस्टेड यांनीच नोंदवले आहे, की सहायकांना हातमोज्यांची इतकी सवय झाली, की उघड्या हातापेक्षा हातमोज्यातच आपला हात जास्त सफाईने चालतो, असे ते म्हणू लागले. कौशल्य रबराने हिरावले जात नाही. ते रबरासकट शिकावे लागते.

म्हणून पुतळ्याच्या हातावर कॅन्युलाचा पहिला सराव उघड्या बोटांनी आणि वॉर्डात आल्यावर अचानक हातमोजे, हा क्रम बदलायला हवा. सराव पहिल्या दिवसापासून हातमोज्यातच व्हावा. युक्त्याही शिकवाव्यात. हात निर्जंतुक करून उघड्या बोटाने आधी शीर शोधावी, जागा लक्षात ठेवावी, मग हातमोजे चढवून, कातडी पुसून टोचावे. पुसलेल्या जागेला पुन्हा बोट लावू नये. पट्ट्या आधीच कापून ट्रेच्या कडेला लावून ठेवाव्यात. अनुभवी सिस्टर हे करतात, पण पाठ्यक्रमात ते शिकवलेच जाईल असे नाही.

दुसरीकडे, जिथे गरज नाही तिथे हातमोजे सर्रास चढवले जातात. नाडी, ताप, रक्तदाब पाहताना, रक्त-स्राव किंवा संसर्गाचा प्रश्न नसेल तर, त्यांची गरज नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकच जोडी घालून चार खाटा फिरणे तर सरळ जंतूंची वाहतूक. रुग्णाच्या नातेवाइकांना हातमोजा दिसला की स्वच्छता दिसल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तो हात धुण्याची जागा घेत नाही. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयाने २०१८ मध्ये अनावश्यक हातमोजे कमी करण्याची मोहीमच हाती घेतली होती.

असे वाचलेले पैसे योग्य मापांवर खर्च करता येतील. वॉर्डाच्या मागणीपत्रात नुसते ‘हातमोजे, दहा खोकी’ असे न लिहिता स्मॉल, मीडियम, लार्ज वेगळे मागावेत. निर्जंतुक हातमोज्यांत ६ आणि ६.५ क्रमांकही असावेत. आणि खरेदीपूर्वी नमुना पसंत करताना इन्चार्ज सिस्टरला बोलवावे, तो हातमोजा घालून तिला एक कॅन्युला आणि एक चिकटपट्टी लावून पाहू द्यावी, मगच सही करावी.